खिएमच्या पिंपात पाणी नव्हतं

फान थिएत,
१२ मार्च २०१९

खिएम भाऊजी,

नमस्कार. आज सकाळी मासळी मुरवायच्या पिंपांची झाकणं काढून ऊन दिलं. दुपारी मंदिरातून निरोप आला, पुढच्या गुरुवारी यांना जाऊन शंभर दिवस होतात, तेव्हा विधी आहे. तुम्ही अंत्यविधीला आला नाहीत. लोक बोलले.

सहा वर्षांपूर्वी यांनी चार व्यापाऱ्यांसमोर तुमच्या पिंपातला मासळीचा मुरलेला रस चाखला आणि म्हणाले, "वासच नाही याला. पाणी घातलंस का रे?" तुम्ही म्हणालात, "दादा, आधी नाक धुऊन ये." सगळे हसले. त्याच आठवड्यात तुम्ही न्या चांग शहरात निघून गेलात.

तुमच्या रसात पाणी नव्हतं. मी त्याच संध्याकाळी चाखून पाहिला होता. त्याच्या महिनाभर आधी आमच्याकडे भात करपून घर धुरानं भरलं होतं, आणि हे चुलीजवळच बसून पेपर वाचत होते. मला तेव्हाच कळायला हवं होतं. खरं म्हणजे कळलं होतं.

दोन वर्षांनी हात थरथरू लागला तेव्हा सायगॉनला नेलं. डॉक्टरीणबाई हाताकडे फारशा बघेचनात. वास कधीपासून येत नाही? पोट साफ होतं का? झोपेत ओरडतात, लाथा मारतात? उभं राहिल्यावर चक्कर? गप्प गप्प असतात? मी सगळ्याला हो म्हटलं. हे सगळं मी वयावर आणि स्वभावावर घातलं होतं.

त्या म्हणाल्या, "मावशी, हा स्वभाव नाही, पार्किन्सनच आहे. हात शेवटी थरथरला."

यांनी विचारलं, "नाकाला औषध?"

"नाकाला नाही. बाकीच्याला पुष्कळ करता येईल."

मग उठताना आधी पलंगाच्या कडेवर बसायचं, दम खाऊन उभं राहायचं. पाणी, पालेभाजी, रोजचं चालणं. झोपेत पडतील म्हणून खाली गादी. उदासीलाही गोळी असते हे मला माहीत नव्हतं. व्यापारी यायचे तेव्हा मी आधी वास घेऊन चांगला पेला यांच्या उजव्या हाताशी ठेवायची. कुणाला कळलं नाही. घराचं नाव यांच्या नाकावर होतं.

गोळीनं दोन महिन्यांत फरक पडला. एका सकाळी म्हणाले, "खिएमला लिही. नाक माझं गेलं होतं म्हणावं."

मी लिहिते म्हटलं. लिहिलं नाही. ते पत्र कुणी वाचलं तर पिंपं पडून राहतील, अशी भीती वाटली. हे विचारत, "उत्तर आलं?" मी म्हणे, "नाही."

"चिडलाय. चिडू दे, हक्क आहे त्याचा."

तीन वर्षं विचारत होते. रुसलेला भाऊ उत्तर देत नाही, असं मानूनच गेले.

काल व्यापारी आले होते. त्यांना सगळं सांगितलं, पेल्यांचं आणि तुमच्या पिंपाचंही. दोघं उठून गेले. म्हातारा फुक बसून राहिला. म्हणाला, "मग इतकी वर्षं आम्ही तुझंच नाक विकत घेत होतो की."

गुरुवारी यायचं की नाही ते तुम्ही ठरवा. तुमची माफी मागायला मला तोंड नाही. फक्त यांनी तुमची मागितली होती, एवढं तुमच्यापर्यंत पोचावं.

चपलेचा अंगठा तुटलाय. टपालपेटीपर्यंत जातेच आहे, तर वाटेत शिवून घेते.

यांचा निरोप अडवून ठेवलेली,
तुमची वहिनी
न्यान