खेचरगाडीचं ब्रेक ऑइल

देवपूर, धुळे
रविवार, २४ मे २०२६

प्रिय रत्नाअक्का,

नमस्कार. जळगावचं ऊन कसं आहे ते विचारत नाही, पेपरात रोज वाचते. पोरांना दुपारी बाहेर सोडू नकोस. आई बरी आहे. बेबामावशी उद्या तुमच्याकडे यायला निघतेय, तिच्या हाती हे पत्र देते.

मागच्या पत्रात मी एक गोष्ट चुकीची लिहिली, ती आधी दुरुस्त करते. शिरपूरच्या वरचा घाट उतरताना आमची चाचणीची गाडी कठड्यावर गेली, कारण आमचे ड्रायव्हर सुकलालदादा यांना डुलकी लागली, असं मी लिहिलं होतं. डुलकी लागली नव्हती. ब्रेक लागले नाहीत. कंपनीच्या साहेबांनी सांगितलं तेच मी तुला लिहिलं, आणि लिहिताना ते खरं असावं असं मला फार वाटत होतं.

ती गाडी तू पाहिलेली नाहीस. आमची कंपनी एक अतिशय वेगवान गाडी बनवतेय, पण ती अजून आकाराला आलेली नाही. तिचं इंजिन आणि ब्रेक एका जुन्या साध्या गाडीच्या अंगात बसवून आधी रस्त्यावर पळवून बघतात. कुणी वळूनही पाहत नाही. तिला आम्ही म्यूल म्हणतो, म्हणजे खेचर. काम झालं की ती विकत नाहीत, पुण्याला नेऊन दाबून तिचा चुरा करतात. उन्हातली चाचणी खानदेशात घ्यायची ठरली तेव्हा आपल्या नानांच्या गॅरेजची शेड मीच सुचवली. नानांनी पहिल्या दिवशी तिच्याभोवती फेरी मारली आणि विचारलं, "हाई खेचर लाथ त नई मारस ना?" सुकलालदादा पोट धरून हसले होते.

आता त्यांच्या मांडीचं हाड मोडलंय. नाना रोज दवाखान्यात त्यांना डबा नेतात, खाटेशी बसतात आणि समजावतात की बाबा, झोप पुरी होत नसेल तर गाडी हाती घेऊ नये, तुला लेकरं आहेत. सुकलालदादा मान हलवतात. पहिल्या दिवशी ते मला म्हणाले होते, "दिपाताई, मी पाय पूर्ण दाबला होता. पेडल तळाला गेलं, पण गाडी थांबलीच नाही." परवा म्हणाले, "लागली पण असंल डुलकी. सगळेच म्हणतात तर." त्यांची बायको हेमलता तेव्हा भिंतीकडे बघत होती. कंपनी त्यांना काढणार आहे. आणि झोपणारा ड्रायव्हर असं नाव पडलं की दुसरा कुठला मालकही त्यांच्या हाती चावी देणार नाही.

या गाडीचे ब्रेक फार तापतात, म्हणून तिचं ब्रेक ऑइल वेगळं असतं. त्यात साधं मिसळलं तर घाटात ते उकळतं आणि पेडल पोकळ होतं. कुणीतरी ते मिसळलं.

कुणीतरी असं का लिहितेय मी? नानांनी.

आपल्या घरची रीत तुला माहीत आहे. दारात उभ्या राहिलेल्या गाडीचं तेलपाणी बघितल्याशिवाय तिला जाऊ द्यायचं नाही, मग ती गिऱ्हाइकाची असो की पाहुण्याची. बाराखडीच्या आधी आपण दोघी तेल मोजायची पट्टी पुसायला शिकलो. अपघात झाला त्या दिवशी नानांनी गाडी सावलीत घ्यायला चावी मागितली. ती बाहेरच्या कुणालाच द्यायची नसते. पण नाना बाहेरचे आहेत हे माझ्या मनातच आलं नाही.

अपघातानंतर फळीवर साध्या ब्रेक ऑइलची अर्धी बाटली दिसली, म्हणून मी सहज विचारल्यासारखं विचारलं. ते म्हणाले, "मंग? कमी व्हतं. बठ्ठास्न्या गाड्या देखस मी, तुन्ही गाडी उपाशी जाऊ दिऊ का?" सगळ्यांच्या गाड्या बघणारा माणूस लेकीची गाडी कशी सोडेल, अशा खुशीत होते. मी हं म्हटलं आणि चहा ठेवायला आत गेले. तेव्हापासून गप्प आहे.

गाडी शेडमध्ये ताडपत्रीखाली आहे. शुक्रवारी तिला न्यायला ट्रक येणार. तिचा चुरा झाला की आतलं ऑइलही गेलं, मग सुकलालदादांचं खरं कुणालाच दाखवता येणार नाही. काल तिच्याजवळून जाताना माझ्या मनात आलं की शुक्रवार लवकर यावा. अक्का, त्या विचाराची मला भीती वाटली.

माझी नोकरी जाईल, शेडचं कामही जाईल. ते मी सोसेन. पण नाना यापुढे कुणाच्या गाडीचं बॉनेट उघडतील का, ते मला सांगता येत नाही. ज्याला झोपेवरून समजावत होते, त्याच्या खाटेपाशी ते कसे बसतील? फोन मुद्दाम केला नाही. तू "जरा थांब" म्हणाली असतीस आणि मी थांबले असते.

ट्रकच्या आदल्या दिवशी साहेब इथे येतात. त्या सकाळी चहा झाल्यावर मी नानांना सांगेन. मग त्यांना घेऊन दवाखान्यात जाईन आणि सुकलालदादांना त्यांच्यासमोर सांगेन की तुम्ही जागे होतात. तिथून साहेबांकडे, ऑइल काढून तपासा म्हणायला. तुला यायचं असेल तर नानांच्या शेजारी बसायला ये. मला अडवायला येऊ नकोस.

दिवस तुला खाली लिहून देते, म्हणजे मला तो पुढे ढकलता येणार नाही.

नानांची आणि तुझी,
दिपमाला

गुरुवार, २८ मे.