भंडारा आणि गोळी

९ ऑगस्ट १९७६
बापूला डॉ.कडे नेलं. माझा धाकटा भाऊ, दीड महिना वारणानगरच्या डेअरीत कामावर नाही. दाढी नाही, बोलणं नाही, संध्याकाळी तेवढी दारू. गेल्या आठवड्यात कळंब्याच्या तलावाकाठी चपला काढून बसलेला सापडला. आईला अजून सांगितलेलं नाही.
डॉ. म्हणाले डिप्रेशन. मेंदूतली एक पेशी दुसरीसाठी रसायन सोडते आणि उरलेलं स्वतःच परत ओढून घेते. गोळी ते ओढणं अडवते. "निदान आम्हाला तसं वाटतं." गुण यायला तीन आठवडे. दारूही तिथंच हात घालते, घटकाभर वर नेते, मग आणखी खाली. ती बंद.
मी विज्ञानाची मास्तरीण. घरी आल्यावर त्याला चित्र काढून दाखवलं. "आक्का, डोस्क्यात चोर हाय म्हण की!" किती दिवसांनी थट्टा केली.

२० ऑगस्ट
गोळी चालू, दारूही चालू. आई म्हणते भंडारा उचलायला लाव, देवाची हळद हातात घेऊन घेतलेली शपथ आपल्यात कुणी मोडत नाही. मला असलं पटत नाही. दुसरं सुचतही नाही.

२२ ऑगस्ट
देवघरापुढं भंडारा उचलला. शब्द मीच सांगितले. नुसतं 'दारू' म्हटलं तर ताडी पिईल, म्हणून "डोक्यात जाऊन मन बदलणारं कायबी घेणार न्हाय." वर्गात व्याख्या सांगावी तशी. आई रडली.

१५ सप्टें.
चोवीस दिवस, थेंब नाही. आई मंगळवार पेठेत ताठ मानेनं फिरते. बापू मात्र भिंतीकडं तोंड करून. तीन आठवडे तर होऊन गेले! मग गुण का...

१८ सप्टें.
फडताळ आवरताना गोळ्यांची बाटली हाती आली. एव्हाना संपायला हवी होती, अर्धीअधिक भरलेली.
ओरडले. तो म्हणाला, "भंडारा उचललाय न्हवं? शब्द तुझंच. गोळी डोस्क्यात जाऊन काय करती, ते बी तूच दावलंस."
शहाणी मी! माझ्याच हातानं हे केलं.

१९ सप्टें.
आईला सगळं सांगितलं, तलावासकट. ती म्हणाली, सोडव त्याला शब्दातनं. सोडवलं, पुन्हा देवघरापुढं. बापू म्हणाला, "आज गोळीपायी मोडला, तर उद्या बाटलीपायी मोडताना मला कोण अडीवणार?"


२१ सप्टें.
शाळेत गेले नाही. त्याच्या चपला माझ्या कपाटात, कुलपात. सकाळी गोळी आणि पाण्याचा तांब्या पुढं ठेवून त्याच्यासमोर बसले. अकरा वाजता त्यानं तांब्या उचलला, घटाघटा पाणी प्याला.
गोळी अजून पाटावर आहे. मीही उठलेले नाही.