रविवारच्या टेबलावरचं निळं भांडं

फ्राय बेंतोस,
४ मे २०११

प्रिय विल्सन,

अनेक आशीर्वाद. मी ठीक आहे. डावा गुडघा कुरकुरतो, पण त्याचं ऐकत बसले तर बाजारात कोण जाणार? मेलबर्नला तुम्ही सगळे बरे असालच. तुझी देबोरा इथून सुखरूप घरी पोचल्याचं तू फोनवर सांगितलंस, तेव्हा मी "बरं बरं" म्हणून झटकन फोन ठेवला. राग मानू नकोस. काही बोलायचं होतं, ते जिभेवर येईना. म्हणून लिहायला बसलेय.

आधी इकडचं सांगते. मे लागला, तुमच्याकडल्यासारखी इथेही थंडी सुरू झालीय. नदीवरून वारा सुटला की खिडक्या वाजतात. मागच्या अंगणातल्या संत्र्याच्या झाडाला यंदा फळ भरपूर आहे, मुरंबा करून थकले.

माझा ताटल्यांचा नाद तुला ठाऊकच आहे. गेल्या रविवारी बाजारात मेर्सेदेस गावचा एक माणूस जुनी भांडी घेऊन बसला होता. जुन्या रेल्वेच्या जेवणाच्या डब्यातल्या सहा खोलगट ताटल्या, काठाला बारीक लाल रेघ. मी एकेक उचलून कानाशी धरली आणि टिचकी मारली. तडा असला की आवाज बसका येतो, धड असली तर खणखणते. तो म्हणाला, "बाई, घोड्याचे दात तपासताय का?" मी म्हटलं, "घोड्यात खोट निघाली तर निदान गाडीला जुंपता येतो. ताटली गळायला लागली तर तुझ्या डोक्यावर घालू?" हसला, आणि सातवी तशीच देऊन टाकली. ती कधीकाळी दुभंगलेली होती, कुणीतरी मागून तारेचे टाके घालून सांधलेली. तीच मी माझ्यासाठी ठेवलीय. सूप ठिपकाभरही गळत नाही.

कपाटात मांडून ठेवायला मी काही आणत नाही, हे तू जाणतोस. इंग्रज मांसाचा कारखाना सोडून गेले तेव्हा गावातल्या घराघरात त्यांची भांडी राहिली. कुणी त्यात कोंबड्यांना दाणे घालतं, कुणी काचेआड ठेवून धूळ पुसतं. माझ्याकडे रविवारी आठ माणसं जेवतात आणि एकाचीही ताटली दुसऱ्यासारखी नसते. शेजारच्या झुल्माची हिरव्या वेलीची. ती चुकून दुसऱ्यासमोर गेली तर पोरीसारखी गाल फुगवते, आणि हिला सत्तरावं लागलंय! फुटतं कधीमधी काही. झाडतो आणि जेवत राहतो.

बघ, ताटल्यांवर दोन पानं भरतील, पण मुद्द्याला हात घालवत नाही.

आई गेली तेव्हा तू तिकडून लिहिलं होतंस की मला घरातलं काही नको, फक्त ते निळं झाकणाचं भांडं पाठव. कारखान्याच्या मॅनेजरच्या बायकोनं जाताना आईला दिलेलं, ज्यातून तिनं वीस वर्षं त्यांना सूप वाढलं. तू शाळेतून सुटून त्यांच्या मागच्या दारी यायचास आणि आई तुला त्याच्या तळाशी उरलेलं पावानं पुसून खाऊ द्यायची. मी तुला उत्तर लिहिलं की ते फुटलं, दफनाच्या दिवशी झुल्मा धूत होती, तिच्या हातून निसटलं.

ते फुटलं नव्हतं, विल्सन.

बावीस वर्षं ते इथेच आहे. कपाटात नाही, टेबलावर. दर रविवारी त्यातच वाढते मी.

देबोरा येणार म्हटल्यावर मी ते घोंगडीत गुंडाळलं आणि तिच्याच खोलीतल्या पलंगाखाली सारलं. दुसरी जागा कुठाय या घरात? ती आल्याच्या तिसऱ्या दिवशी रविवार. मी पुचेरो शिजवलं होतं, भोपळा, रताळं, मक्याची कणसं, सगळं घालून, आणि पातेलंच टेबलावर ठेवायचं ठरवलं होतं. झुल्मा विचारत होती, "अगं, निळं कुठं गेलं आज?" आणि मी तिला डोळ्यांनी गप्प करत होते. तेवढ्यात तुझी लेक चपला शोधायला वाकली असणार. दोन्ही हातांत ते भांडं धरून स्वयंपाकघरात आली. आपल्या भाषेतलं तिचं बोलणं कसं, तुला गालगुंड झालं होतं तेव्हा तू बोलायचास तसं. म्हणाली, "आत्या, हे तर आमच्या फ्रिजवर आहे!"

मला वाटलं, शब्द चुकला असेल. मी म्हटलं, "फ्रिजवर कसं असेल, बाळ?"

"फोटोत. तुझ्या टेबलाचा फोटो. बाबांनी लावलाय, मी शाळेत होते तेव्हापासून."

तेव्हा आठवलं. सहा वर्षांपूर्वी झुल्माच्या जावयानं काढलेला तो फोटो मीच तुला पाठवला होता, माझ्या नाना तऱ्हेच्या ताटल्या मिरवायला. त्यांच्याकडेच बघत होते मी. पावाच्या टोपलीमागे अर्धं निळं भांडं दिसतंय, हे मला दिसलंच नाही. तुला दिसलं.

मी तशीच खुर्चीत बसले. त्याआधी सोळा वर्षं आपल्यात काय होतं? नाताळचं एक कार्ड, खाली तुझी सही. फोटो पोचला आणि त्यानंतर तू दर रविवारी संध्याकाळी फोन करायला लागलास. पोरं कशी, पाऊस कसा, आणि मग हटकून, "ताई, आज काय केलंस? कशात वाढलंस?" मी दर वेळी म्हणायचे, पातेल्यात. मनात म्हणायचे, याला पातेल्याचं एवढं काय कौतुक! सहा वर्षं तू मला दार उघडून देत होतास, आणि मी सहा वर्षं पातेलं, पातेलं करत राहिले.

आठ जणांसमोर सगळं सांगावं लागलं. झुल्माचा चमचा हवेतच राहिला. "म्हणजे बावीस वर्षं मी ऑस्ट्रेलियात बदनाम आहे?" म्हणाली. "तरीच तुझा भाऊ मला कधी नमस्कार सांगत नाही!" उठून गेली. तीन दिवस बोलली नाही. चौथ्या दिवशी अंड्यांची टोपली घेऊन दारात उभी, म्हणे, "यापुढे त्या भांड्यातलं पहिलं वाढप माझं. आणि त्याला लिही, आजच." तर लिहिते: झुल्मानं काही फोडलं नाही. तिला नमस्कार सांग.

ती निघताना मी ते भांडं कापडात बांधून देबोराच्या बॅगेत घातलं. तिनं काढून ठेवलं. म्हणाली, "बाबा म्हणाले, आत्यानं भांडं दिलं तरी आणू नकोस. ते वापरात आहे." मग रडली, आणि मीही. तिला रजईच्या कव्हरात गुंडाळून संत्र्याचा मुरंबा दिला, तेवढा तरी पोचला ना?

मला त्या भांड्याची हाव नव्हती रे. थोडी होती. पण खरं कारण तुला सांगायला हवं. तुझं ते पत्र मी तीनदा वाचलं. त्यात भांड्याबद्दल आठ ओळी होत्या. आई कशी गेली, हे तू एका ओळीतही विचारलं नव्हतंस. अकरा वर्षं मी तिला भरवलं, उठवलं, धुतलं आणि तू भांडं मागितलंस. त्या रागात हात लिहून गेला. नंतर राग निवला, पण खोटं तसंच राहिलं.

आज मला वाटतं, विचारायचं तुला धाडसच झालं नसेल. इतक्या लांब बसून कोण विचारणार? तर न विचारता सांगते. मंगळवार होता, सकाळचे नऊ. रात्री झोप चांगली लागली होती तिला. मी केस विंचरून दिले, दुधात बुडवलेला पाव दिला, निम्मा खाल्ला. कुठे दुखत नव्हतं. तुझं नाव घेतलं का, असं तुझ्या मनात येईल. घेतलं असं लिहिणं सोपं होतं, पण आता खोटं नको. माझंही नाही घेतलं. "गॅस बंद केलास का?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, "हो, आई." तिनं माझा हात थोपटला आणि डोळे मिटले.

गॅस मी खरंच बंद केला होता.

आपल्या आईच्या शेवटच्या सकाळी तुझ्या वाटणीचीही तिथे बसलेली,
ताई
नेलिदा