आठ गाण्यांचा क्रम

यवत,
रविवार, १८ जानेवारी २०२६

सत्या,

नमस्कार. आधी 'प्रिय' लिहिलं होतं, मग खोडलं. मग वाटलं, खोडलेलं बघून तू जास्तच चिडशील, म्हणून नवा कागद घेतला. फोन तू उचलत नाहीस, मेसेज उघडत नाहीस. होसूरचा पत्ता तेजूकडून घेतला. तिच्यावर रागावू नकोस. भाऊ म्हणून तुझीच बाजू घेत होती, मीच तीन दिवस तिचं डोकं खाल्लं.

इकडे सगळं ठीक. माझं मोबाईलचं दुकान चालू आहे. आता गाणी भरून घ्यायला कोणी येत नाही, फुटक्या काचा बदलायला येतात. शेजारच्या खुटबावात यंदा शेवंती बरी निघाली. आपला ड्रमवाला दत्ता कारखान्याच्या वजनकाट्यावर लागलाय आणि टेबलावर ताल धरतो म्हणून साहेबांच्या शिव्या खातो. पोट सुटलंय त्याचं. माझंही.

आता मुद्द्यावर येतो. पुण्याहून करिश्मा नावाची एक मुलगी दोनदा येऊन गेली. तिला आपल्या बँडचा 'डावा कालवा' अल्बम तबकडीवर काढायचाय. खरी काळी तबकडी, सुईवर वाजणारी, एका बाजूला चार गाणी, दुसऱ्या बाजूला चार. मी म्हटलं, बाई, पत्ता चुकलीस. पण ती ठाम आहे. तू गेल्यावर काय काय झालं ते तुला कितपत माहीत आहे कोण जाणे. तीनशे सीड्या काढल्या होत्या आपण, त्यातल्या दोनशे सत्तर माझ्या माळ्यावर धूळ खात पडल्या. पण ट्रॅक्टरवाल्यांनी गाणी एकमेकांच्या मेमरी कार्डात उतरवून घेतली. हंगामभर कारखान्याच्या रांगेत उसाबरोबर आपणही उभे. तिथून ती पुण्याच्या कॉलेजांत गेली, कुणीतरी इंटरनेटवर चढवली, आणि आता पोरं आपल्यावर पानंच्या पानं लिहितात. एकाने तर दंडावर 'डावा कालवा' गोंदवून घेतलंय. त्याच्या आईने त्याला काय ऐकवलं असेल ते तूच समज.

ही सगळी मंडळी कार्डाचा क्रम ऐकून वेडी झाली आहेत. सीडीवरचा क्रम त्यांना ठाऊकच नाही. ते लिहितात, पहिल्याच गाण्यात कानाखाली बसते. 'दप्तर'मध्ये मुलगा बापाला तोंडावर सुनावतो, मग 'पॅनेल', 'भारनियमन' करत राग हळूहळू उतरत जातो, आणि शेवटी 'पलीकडचा काठ'ला नुसती तुझी गिटार आणि तुझा आवाज. 'होडी पाठवा, मी काठावर उभा आहे.' भांडून निघालेला पोरगा शेवटी घरी न्यायला या म्हणतो, असं त्यांचं म्हणणं.

तू लावलेला क्रम बरोब्बर उलटा होता. 'पलीकडचा काठ' पहिलं. तिथे त्याच ओळीत तो पोरगा घरातून सुटायला होडी मागतो. मग एकेक गाणं तापत जातं आणि सगळ्यात शेवटी 'दप्तर'. तेजूचं लग्न, तिचा राहिलेला बारावीचा पेपर, बापाची, म्हणजे आबांची, सोसायटीची निवडणूक आणि त्या पॅनेलसाठी जमवलेली सोयरीक, सगळं नावानिशी. शेवटची गिटार तू मध्येच तोडली होतीस. पुढे काही नाही. ऐकणाऱ्याला जागचं हलू देत नाही ते. शब्द तेच, सूर तेच, आणि एका क्रमात माणूस घरी येतो, दुसऱ्यात कायमचा जातो.

२०१३ साली तू ढाब्यावर कार्डाचा क्रम ऐकलास आणि तणतणत दुकानात आलास. मी म्हटलं, "कॉपी करताना मशीननं उलटंपालटं केलं." तू म्हणालास, "तुला एवढीबी अक्कल न्हाई व्हय रं?" आणि गेलास. तेच आपलं शेवटचं बोलणं.

सत्या, मशीनने काही केलं नव्हतं. मी केलं होतं.

त्याच्या आदल्या वर्षी, सीडी निघून महिना झाला असेल, तुझे आबा दुकानात आले. नवा ट्रॅक्टर घेतला होता, त्यात टेप होता. टोपी काढून स्टुलावर बसले, कार्ड पुढे केलं आणि म्हणाले, "सुदर्शन, सत्याची समदी गाणी भर ह्यात. आठच्या आठ."

तुम्ही दोघं तेव्हा एका घरात राहून बोलत नव्हता. 'दप्तर' गाळावं असं वाटलं, पण आबा आठ म्हणाले होते आणि ते मोजणारच. मग मी डोकं चालवलं. तो टेप ज्या क्रमाने भरू त्याच क्रमाने वाजवायचा. 'दप्तर' पहिलं भरलं. म्हटलं, यवतमधून निघताना हायवेचे हॉर्न, ट्रकची घरघर, शब्द अर्धे बुडतील. एक्केचाळीस मिनिटांत सगळी आठ होतात. तेवढ्या वेळात ट्रॅक्टर नदीच्या पुलावर पोचतो, पलीकडे वडगाव रासाई. घर दिसायला लागतं तेव्हा त्यांच्या कानावर 'होडी पाठवा' पडावं, असा माझा हिशेब. पुढे त्या कार्डावरून शेजाऱ्याने घेतलं, त्याच्यावरून दुसऱ्याने, आणि तोच क्रम गावोगाव झाला.

आठ दिवसांनी आबा परत आले. म्हणाले, "शेवटच्या गाण्यात त्यो होडी मागतोय. मंग माझ्याशी बोलत का न्हाई?" मी म्हटलं, बोलेल. तू होसूरला गेलास तेव्हापासून विचारतात, "माझा फोन का उचलत न्हाई?" मी म्हणतो, कामात असेल. बारा वर्षं मी हेच सांगतोय. आणि खोटं कशाला बोलू, पोरं जेव्हा लिहितात की या क्रमातच खरी कमाल आहे, तेव्हा मला आतून गुदगुल्या होतात. नाव तुझं होतं, पण क्रम माझा होता. मला वाईट वाटायचं आणि बरंही वाटायचं.

करिश्माने विचारलं, तबकडीवर क्रम कोणता ठेवायचा? तेव्हा मात्र गप्प बसवेना. तबकडीवर एकदा कोरलं की कोरलं. मागच्या रविवारी वडगाव रासाईला गेलो, आबांपुढे सगळं ओकून टाकायचं ठरवून.

त्यांनी मला उजवीकडे बसवलं. "ह्या अंगाला बस. डाव्या कानानं आता ट्रॅक्टरबी ऐकू येत न्हाई." हे तुला तेजूने सांगितलेलं नाही. तुला वाटलं असतं, आजारपण पुढे करून बोलावतायत. दौंडच्या डॉक्टरांनी सांगितलंय की उजवाही त्याच वाटेवर आहे.

मी सगळं सांगितलं. आबांनी मान खाली घालून ऐकलं. मग म्हणाले, "मला ठावं हाय."

मी म्हटलं, "म्हंजे?"

"तुझ्या दुकानात आलो त्याच्या आधीच सीडी ऐकली हुती. तेजूच्या घरी बसून. दप्तर लागलं तवा ती उठून आत गेली. मी शेवटपातूर बसलो. मंग कार्ड भरून घेतलं, म्हणलं ट्रॅक्टरात एकटंच ऐकावं. यवत सुटायच्या आतच दप्तर लागलं. मला वाटलं तू चुकलास. पुलावं आलो आन् त्याचं होडीचं लागलं, तवा कळलं तू काय केलंयस. ट्रॅक्टर कडंला घेतला आन् बसून राहिलो."

"मग मला फोनचं कशाला विचारत होतात?"

"विचाराया काय जातंय? एखाद्या वक्ती तू येगळं कायतरी सांगशील, म्हणून विचारायचो."

आबांनी हातातली टोपी डोक्यावर चढवली. मग म्हणाले, "तू लावलंस ते माझ्यासाठी. मी तेरा वरसं त्याच्यावं दिवस काढले. पर रेकॉर्डवं पोरानं लावलंय तसंच येऊ दे. दप्तर शेवटी. त्यात खोटं काय हाय? राहिलाच की तिचा पेपर. पॅनेल माझं हुतं, आन् दप्तर तिचं गेलं. आन् त्याला ह्यातलं कायबी कळवू नगं. म्हातारा मोठेपणा करतोय म्हणंल."

मी होय म्हणालो आणि घरी येऊन आठवडाभर कागद फाडत बसलो. आबांना दिलेला शब्द मोडतोय, पण मी तुझ्याशी एकदा खोटं बोललोय, दुसऱ्यांदा गप्प बसून बोलायचं नाही.

करिश्माला अजून काही सांगितलेलं नाही. तुझी सही लागणार आणि क्रमही तूच द्यायचा. कागदावर एक ते आठ लिहून पाठव, मी एक आकडा इकडचा तिकडे करणार नाही. मला विचारशील तर मला अजून माझाच क्रम आवडतो, पण मला विचारू नकोस.

एवढंच की तबकडी हातात यायला पावसाळा उजाडेल, आणि आबांचा कान तोवर टिकेल याची डॉक्टर खात्री देत नाहीत. 'दप्तर' शेवटी ठेवणार असशील तर तबकडीची वाट बघू नकोस. गिटार घेऊन ये आणि त्यांच्या उजव्या बाजूला बसून ते तूच म्हण, एकही शब्द न गाळता. आबा मध्येच उठणार नाहीत, हे मी लिहून देतो.

अजून म्हणू देत असशील तर,
तुझा
सुदर्शन