मी सोडून सगळी मेंढरं

४ जून, सकाळ
आजपासून रोजनिशी. सोशल सायकॉलॉजी शिकवणाऱ्याने स्वतःचीही नोंद ठेवावी. संशोधनाचा विषय ठरला: चारचौघं करतात म्हणून माणसं धडधडीत चुकीच्या गोष्टीला हो का म्हणतात? मी म्हणत नाही. म्हणूनच मला त्रयस्थपणे बघता येतं.

संध्याकाळ
जांभळा शर्ट घेतला. दुकानदार आणि दोन अनोळखी गिऱ्हाइकं म्हणाली की खुलून दिसतोय. निर्णय मात्र सर्वस्वी माझा. बायको म्हणाली की तुम्हाला तर जांभळा रंग डोळ्यांसमोर नको असतो. तिला रिसर्च मेथड्स कळत नाहीत.

५ जून
घरी पायलट स्टडी. प्रश्न: मी खंबीर आहे का? पर्याय: होय, फारच होय. निकाल शंभर टक्के. मुलगी म्हणाली की बाबा, यात 'नाही'ला जागाच नाही. लहान आहे अजून. सासूबाई 'फारच होय' म्हणाल्या तेव्हा त्यांचा चष्मा माझ्या हातात होता. उत्तर मिळाल्यावर दिला. योगायोग.

९ जून
कॉलेजात कुणकुण. प्राचार्यांचा माझ्या लॅबवर डोळा आहे. तिथे मोडक्या खुर्च्या टाकायच्यात म्हणे. लॅब म्हणजे एक टेबल, एक पडदा आणि पलीकडून बघता येतं असा आरसा. पण त्या खोलीत शिरलं की मी कोणीतरी आहे असं वाटतं. बाहेर मी नुसता तास घेणारा सर. बायको म्हणाली की मीटिंगमध्ये तोंड उघडून एकदा नाही म्हणा, झालं. एवढंच ना!

१२ जून
अजेंडा आला. पहिला ठराव: स्टाफरूमचं घड्याळ दहा मिनिटं पुढे ठेवणे. दुसरा: माझी लॅब.
पहिला इतका खुळचट की प्रयोगाला आयताच. गणिताचे सर आणि हेडक्लार्क यांना फितवलं: पहिला ठराव आला की दोघांनी छाती काढून हात वर करायचे. सब्जेक्ट: नव्याने रुजू झालेल्या मॅडम. गरीब गाय. हात वर करणार म्हणजे करणारच. बायकोने विचारलं की त्या बाईंना आधी सांगायला नको का. सांगितलं तर प्रयोग कसला?
मतं आमच्या चौघांचीच. बरोबरी झाली तर ठराव बारगळतो. म्हणजे माझ्या जोडीला आणखी एक 'नाही' आलं की लॅब वाचली, काळजी नाही. मी असा विरोध करीन की टेबल हलेल.

१५ जून, दुपार
प्राचार्यांना दाढ काढायला जायचं होतं. महत्त्वाचं आधी उरकू म्हणाले आणि लॅबचा ठराव पहिला घेतला.
गणिताचे सर आणि हेडक्लार्क, ठरल्याप्रमाणे, छाती काढून हात वर. हेडक्लार्कने तर मला डोळाही मारला. मॅडमचा हात मांडीवरच. म्हणाल्या की खोली सरांची आहे, आधी सरांना विचारा. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.
माझा हात वर होता.
कसा गेला कोण जाणे. निरीक्षणाला बरा कोन मिळावा म्हणून असेल. तीन विरुद्ध एक, ठराव पास. घड्याळाचा ठराव एकमताने फेटाळला.

संध्याकाळ
घरी सांगितलं की महत्त्वाचा निष्कर्ष हाती लागलाय. बायकोने विचारलं की खुर्च्या कधी येणार. जेवण गेलं नाही.

२० जून
खुर्च्या आल्या. आरसा जिन्याखाली ठेवलाय. गणिताचे सर म्हणाले की तुम्हीच सांगितलं होतं, पहिल्या ठरावाला. खरंय. पण सॅम्पल लहान, निष्कर्ष ग्राह्य नाही. प्रयोग पुन्हा करायला हवा. जागा नाही.

२४ जून
मीटिंगमधला किस्सा वर्गात सांगू का, असं मॅडमनी विचारलं. नाव घेणार नाही, नुसतं 'एक प्राध्यापक' म्हणेन म्हणाल्या. मी साफ नाही म्हणणार होतो. जिन्यात दोनदा तालीम केली, मग त्यांच्या वर्गात गेलो. तोंड उघडणार तोच त्यांनी पोरांना विचारलं की सरांनी स्वतःच सांगितलं तर कोणाकोणाला आवडेल. अख्ख्या वर्गाचे हात वर.
उद्या त्यांच्या वर्गावर पहिला तास माझा. कोणता शर्ट घालू म्हणून घरात विचारलं. मुलगी आणि सासूबाई एका सुरात जांभळा म्हणाल्या. बायकोने इस्त्री तापत ठेवली.
जांभळाच घालतोय. निर्णय सर्वस्वी माझा.