जॅकच्या आट्यांतलं कुंकू

बाबा, जॅकला एवढं कुंकू भरायची अक्कल तुम्हाला कोणी दिली होती? डोक्यावर एक टिकली लावून सोडायचं होतं. पण नाही. दसऱ्याला तो पूर्ण वर चढवायचा, तेलात कालवलेलं हळदकुंकू बोटानं स्क्रूच्या आट्यांत वरून खालपर्यंत भरायचं, हात जोडायचे आणि तसाच खाली उतरवून ठेवायचा. तुम्ही गेल्यावर मीही तेच करत आली. टायरचं दुकान तुमचं, रीतही तुमची.

परवा तिलवाऱ्याच्या घाटाकडून रेतीचा ट्रक आला. मागचं चाक काढलं, ट्यूब बदलली. चाक परत चढवायला गाडी अजून थोडी उचलायला गेली, तर दांडा फिरेचना. वर नाही, खाली नाही. ड्रायव्हर म्हणे, "दीदी, पाइप लगा के ज़ोर मारो." मी मूर्ख, मारला. जॅक तिरपा झाला अन् गाडी माझ्या हातापासून वीतभर अंतरावर लटकली. मग एक्सलखाली लाकडी गुटके लावले, शेजारच्याचा जॅक आणून वजन त्याच्यावर घेतलं, तेव्हा कुठं आपला बाहेर निघाला.

डिझेलमध्ये भिजवला, तारेच्या ब्रशनं घासून राहिली. मला वाटलं, नुसती रेती निघेल. निघालं लाल. वर्षावर्षाचं कुंकू तेलात घट्ट झालेलं, त्यात रेती सिमेंटमध्ये बसावी तशी बसलेली. खिळ्यानं एकेक आटा खरडला. स्क्रू वाकला नाही, आटेही शाबूत. कोरडा पुसला, पातळ ग्रीस दिलं. आता बोटानं फिरते.

आई दारातून पाहत होती. "काहून खरडून राहिली? तुझ्या बापाच्या हातचं आहे ते."

"गाडीखाली मी झोपते आई, तू नाही."

"ते होते तेव्हा अटकत होता काय?"

"अटकत होता! शिव्या काय देवाला देत होते ते?"

तेव्हापासून आई माझ्याशी बोलत नाही. शेजारणीजवळ सांगून ठेवलं, यंदा जॅक पहिल्यासारखा भरला नाही तर ती पाटनला दादाकडे निघून जाईल, परत यायची नाही. जाईलही. तिचं गाठोडं खाटेखाली बांधून ठेवलेलं मी पाहिलं. दिवसभर टायर ओढायचे आणि घरी आल्यावर भिंतीशी बोलायचं, थकली मी बाबा. तुम्ही गाडीखाली सरकत होते, मी पाना देत होती. पाना देऊन झाला की तुम्ही दर वेळी ओरडत होते, "हात बाहेर घे पोरी." हे आईला ठाऊक नाही. तिला फक्त कुंकू ठाऊक आहे.

हा कागद पोस्टात टाकता येत नाही, मला कळते. एक सांगते, खरडायच्या आधी मी जॅक उजेडात धरून पाहिला, कुठं तुमच्या बोटाचा ठसा आहे का म्हणून. नव्हता. असता तर काय केलं असतं, मला माहीत नाही.

आता आईला काय सांगू, ते तुम्ही सांगा. माझं ती ऐकत नाही, तुमचं ऐकते. दसऱ्याला सकाळीच ताट घेऊन उभी राहील. नवमीपर्यंत उत्तर पाहिजे.