जालन्याच्या पेटीवाल्याचा कावा

हसनाबादचे आमचे सोयरे रामराव पाटील यांना टेंभुर्णीहून भुजंगचा हात जोडून रामराम. आम्ही इकडं खुशाल आहोत (आम्ही म्हंजी मी अन् दोन बैल, बाकी घरात कोण उरलं ते तुम्हाला ठाऊकच). तुमची तब्येत, मामींचा दमा, गाईचं वासरू, सगळं बरं असंल. तुमच्या भगिनी सोनूबाई यांची खुशाली मी विचारून न्हाई राह्यलो. तुम्ही आपणहून कळवली तर वाचीन.

पत्रास कारण की, जालन्यात माझ्यासंगं एक कावा झाला, अन् त्यात तुमचा हात आहे असा मला दाट संशय आहे.

झालं असं, मी कापूस घालायला गेल्तो. संगं कचरू होता (ज्याची मावशी तुमच्याच गल्लीत राहती तो; हे ध्यानात ठेवा). कापूस घालून झाला तसा कचरू म्हणला, मैदानात सिनेमाचा तंबू लागलाय, पडद्यावर माणसं चालतात, चला. गेलो. माणसं चालतात हे खरं, तोंडंही हलवतात, पण आवाज म्हणून न्हाई. बोलणं अक्षरांत उमटतं अन् एक जण ते वाचून सांगतो. पडद्याखाली सिराजोद्दीन नावाचा पेटीवाला बसल्ता. गोष्ट एका सरदाराची. तो बायकोवर उगीच शक घेतो (उगीच हे तंबूवाल्यांचं म्हणणं, सरदाराची बाजू कोणी विचारलीच न्हाई). ती घर सोडून नदीकाठी झोपडीत राहती अन् रोज वाटंकडं बघती. तिनं कपाळावर हात धरला की हा सिराजोद्दीन पेटीतून असा सूर काढायचा, की छातीत कोणी ओलं धोतर पिळून राह्यलं असं वाटावं. रामराव, मी रडलो. टोळधाडीनं उभी ज्वारी खाल्ली तव्हा न्हाई रडलो, अन् तिथं फेट्याचा शेमला चिंब झाला. कचरू शेंगा खात माझ्याकडं बघत होता. पडद्याकडं न्हाई, माझ्याकडं! तिथंच पाल चुकचुकली.

दुसऱ्या दिवशी मी दोन्ही कानांत कापसाचे बोळे घालून त्याच तंबूत जाऊन बसलो. आता बघतो तर त्या बाईच्या गालावर दाढीचे निळे खुंट! बाप्याच होता तो, लुगडं नेसलेला. त्यानं छाती पिटली तसा मी खो खो हसलो. मागून एक म्हातारी खेकसली, "मुडद्या, ती बिचारी मरून राह्यली अन् तुला दात काढायला सुचतंय?" तेवढ्यात उजव्या कानातला बोळा निसटला. रामराव, देवाशपथ सांगतो, उजवा डोळा भरून आला, डावा कोरडा. म्हंजी दगा पडद्यात न्हाई, पेटीत आहे.

सकाळी मी सिराजोद्दीनला गाठलं. लिंबाखाली चहा पीत बसल्ता. म्हणलं, "खरं सांग, हसनाबादच्या कोणी तुला पढवलंय?"

"पाटील, हसनाबाद किधर है, मेरे कू मालूम न्हाई," तो म्हणला.

मी काही ऐकणारा न्हाई. म्हणलं, तोच सूर माझ्या बैलापुढं वाजव; तुझ्या पेटीत जादू असंल तर बैलही रडंल. त्यानं निमूट वाजवलं. बैल रवंथ करत राह्यला. कचरूनं जांभई दिली. अन् मी मात्र जुवाला डोकं टेकवून उभा.

सिराजोद्दीननं भाता थांबवला अन् हळूच विचारलं, "घर में कौन न्हाई है, पाटील?"

"सगळे आहेत," मी म्हणलं.

त्यानं पुन्हा जरासा सूर धरला. मंग मी म्हणलं, "मंडळी माहेरी आहे." तुपाच्या गाडग्याचं सगळं सांगितलं. गाडगं रिकामं दिसलं, तुम्ही आदल्या दिवशी येऊन गेल्ते, तव्हा कोणीही हिशेब करील तसा मी केला (तूप हसनाबादला गेलं), अन् त्यावर सोनूबाई म्हणली, "राहा मंग तुमच्या संशयासंगंच संसार करून," हेही सांगितलं. तो हसला न्हाई. नुसता पेटीवरची धूळ पुसत राह्यला.

आता मला सांगा, माझ्या घरात कोणी न्हाई हे त्या परमुलखातल्या माणसाला कसं कळलं? तुम्ही कळवल्याबिगर? पुरावा बराबर आहे. तरी सोयरीक जुनी म्हणून मी पंचांत जाऊन न्हाई राह्यलो. मोठ्यांना दंडवत, लेकरांना आशीर्वाद, बाकी कोणाला काही न्हाई.

आपला, सावध,
भुजंग

ता. क. येत्या बाजारानंतर गाडी घेऊन तुमच्याकडं येतोय. एक म्हैस बघायची आहे. गाडीत कडबा पसरून वर नवी गोधडी अंथरली आहे. म्हशीला गोधडी लागत न्हाई, हे मलाही कळतं.

आणखी ता. क. सिराजोद्दीनला म्हणलं, संगं चल. तुमच्या दारात मी उभा राह्यलो की तू पेटी वाजव, म्हंजी मला बोलावं लागणार न्हाई. तो बिलकुल तयार न्हाई. म्हणला, "परदे के लोगां मुके हैं, इस वास्ते मैं बजाता. तुमारे कू तो जबान है."

तर रामराव, सोनूबाईला एकटीला गाठून विचारा, दारात आल्यावर मी नेमकं काय म्हणलं म्हंजी ती गाडीत बसंल. उलट टपाली कळवा. शब्द थोडे असू द्या. मला पाठ करायचेत.